नमद्यावरचा सतरा

आमच्या ओतकारखान्यात कुल्यान-आपायच्या, म्हणजे कुल्यानताईच्या, तोंडाला कुणी लागत नसे. सत्तावीस वर्षं ती अंधाऱ्या खोलीत एक्स-रेच्या फिल्मा धूत आणि वाचत बसलेली. भट्टीतून निघालेल्या अॅल्युमिनियमच्या पातीदार चाकांची पोटं तिने जितकी पाहिली, तितकी कुठल्या डॉक्टरने माणसांची पाहिली नसतील. कुठे हवेचा फुगा आहे, कुठे तडा, हे ती फिल्म दिव्यासमोर धरून सांगायची आणि ते खोडून काढायची कुणाची टाप नव्हती.

मग नवं यंत्र आलं. त्यात चाक सावकाश गोल फिरतं, यंत्र त्याचे अडीच हजार फोटो काढतं आणि संगणक ते जुळवून अख्खं चाक पडद्यावर उभं करतो. सुरी न लावता हवं तिथे कापून बघा. यंत्राबरोबर अल्माटीहून तोगझान आली, एकोणतीस वर्षांची, हुशार मुलगी. वाचायचं काम तिच्याकडे गेलं. आपायकडे उरलं ते चाक यंत्रात बसवायचं.

"पूर्वी मी डॉक्टर होते," आपाय म्हणायची, "आता पेशंटला खाटेवर झोपवते."

पण झोपवायची मात्र झोकात. फिरताना चाक केसभरही हलता कामा नये, म्हणून यंत्रासोबत फोमचे ठोकळे आले होते. आपायने ते कपाटावर टाकून दिले. तिच्याकडे आईने लोकर कुटून केलेला जाड नमदा होता, तीस वर्षं पायांखाली राहून फळीसारखा घट्ट झालेला. त्याचे तुकडे कापून ती चाकाखाली खोचायची. किरणांना लोकर दिसत नाही, त्यामुळे पडद्यावर चाक अधांतरी तरंगे. दोन वर्षांत एक फोटो बिघडला नव्हता. हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. खरं सांगायचं तर जरा जास्तच ऐकवायची.

त्या हिवाळ्यात ओमिरझाक-आगाच्या चाकात तडा निघाला.

ओमिरझाक-आगा, म्हणजे ओमिरझाकदादा, आमचा सगळ्यात जुना ओतारी. त्याच्याकडे स्वतःचा ठसा होता, सतरा नंबरचा. बोटाएवढा पोलादी खिळा तो, पण ज्याच्या हाताची खात्री पटते त्यालाच मिळतो. आपलं काम आपणच तपासायचं आणि वर ठसा ठोकायचा. मग दहातलं एखादंच चाक यंत्राकडे येतं, बाकीची ठशाच्या भरवशावर जातात. कारखान्यात असे ठसे तिघांकडेच. आगा तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचा. त्याची बायको गेली त्या दिवशीही तो मधूनमधून खिसाच चाचपत होता.

तोगझानने पडद्यावर चाकाच्या मध्याजवळची बारीक काळी रेघ दाखवली. मुख्य अभियंत्याने आवाज चढवला नाही, उलट फार मऊपणे बोलला.

"गुरुवारच्या बैठकीत ठसा परत करा, आगा. वय झालं. त्यात लाज कसली?"

बुधवारी सकाळी आगा आपायच्या टेबलाशी येऊन बसला, दुधाचा चहा प्याला, एक बाउरसाक, तळलेला कणकेचा गोळा, हातात धरून ठेवला आणि खाल्लाच नाही.

"कुल्यान, तू बघितलास तो तडा?"

"मला कोण विचारतंय? मी बसवणारी."

"मी विचारतोय ना."

तो गेल्यावर तिने चष्मा चढवला आणि तोगझानच्या खुर्चीत बसली. फिल्म वाचणाऱ्याला एक खोड लागलेली असते. तडा नंतर, आधी बाहेरची कड. कडच स्वच्छ नसेल तर फोटोवर विश्वास ठेवायचा नाही. तोगझानला हे कुणी शिकवलं नव्हतं. ती सरळ चाकाच्या पोटात शिरली होती. आपायने एका पात्याची कड पाहिली. कड दुहेरी होती. एकीला चिकटून दुसरी, मध्ये केसाएवढी काळी फट. दुसऱ्या पात्याला तेच, तिसऱ्यालाही तेच.

चाक फिरता फिरता खचलं होतं, आणि हललेल्या फोटोत नसलेला तडाही दिसू शकतो. आईचा नमदा झिजून संपला होता आणि गेल्या आठवड्यात तिने नणंदेने पाठवलेला नवा नमदा कापला होता, पांढरा, लुसलुशीत. चार किलोचं चाक त्यावर दोन तास बसल्यावर तो दबत जाणारच. नवा नमदा वर्षभर पायांखाली राहिल्याशिवाय त्यावर साधी पेटीही ठेवू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं. आणि तिने चाक ठेवलं.

कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एप्रिलमध्ये ती निवृत्त होणार होती, सत्कार ठरला होता. शिवाय कड दुहेरी म्हणून तडा नाहीच असं थोडंच होतं? ती बोलायची आणि तडाही खरा निघायचा, म्हणजे आगाचा ठसा जायचा तो जायचाच, वर हिचं नावही जायचं. तिला स्वतःचा राग आला, मग नणंदेचा आला, मग पुन्हा स्वतःचा.

शेवटी ती उठून मुख्य अभियंत्याच्या दारात उभी राहिली.

"फोटो पुन्हा काढा. चाक हललंय. मी कच्च्या नमद्यावर बसवलं."

"तुम्ही, आपाय?"

"मीच. दुसरं कोण बसवतं?"

तोगझान खुर्चीवर चढली आणि कपाटावरचे ठोकळे काढून धूळ झटकू लागली. "आपाय, कड मीही बघायला हवी होती," ती हळूच म्हणाली.

"हवीच होती. आता ठोकळा नीट खोच."

दोन तास आगा दाराशी उभाच होता. कुणी खुर्ची दिली तरी बसेना. चाक पडद्यावर आलं तेव्हा तोगझानने आधी कड दाखवली. एकच रेघ, स्वच्छ. मग ती आत शिरली. मध्याजवळ काही नव्हतं.

"ठसा राहू द्या, आगा," अभियंता म्हणाला. मग आपायकडे न बघता, "यापुढे मात्र फोमच."

"बरं," ती म्हणाली. दोन वर्षांत तिने इतकं छोटं उत्तर कुणाला दिलं नव्हतं.

आगाने कोपऱ्यातला तो पांढरा नमदा उचलला. "हा मी नेतो."

"ने. मला त्याचं तोंड बघायचं नाही."

एप्रिलमध्ये, तिच्या शेवटच्या दिवशी, तो नमदा घेऊन आला. सगळा हिवाळा त्याने तो भट्टीपुढच्या गार फरशीवर अंथरला होता आणि आठ-आठ तास त्यावर उभा राहिला होता. नमदा काळपट आणि फळीसारखा घट्ट झाला होता. एका कोपऱ्यात तापवलेल्या ठशाने जाळून सतरा आकडा उमटवलेला. जळक्या लोकरीचा वास अजून येत होता.

"तपासलाय मी," आगा म्हणाला. "आता खचायचा नाही."

तोगझानने अभियंत्याला काही न विचारता फोम बाजूला केला, नमदा घातला आणि आपायच्या हातात चाक दिलं. आपायने ते बसवलं. दोन तासांनी पडद्यावर चाक आलं, कड एकेरी. सतरा कुठेच दिसत नव्हता, दिसणारही नव्हता. तरी आपाय चाकाखालच्या त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली, आणि सत्काराला बोलवायला माणूस आला तेव्हा म्हणाली, "थांब जरा, अजून वाचतेय."