लॅबमामांचा राहिलेला विषय

लॅबमामा बाटलीवरचं लेबल वाचत नसत. बाटली उजेडाकडे धरायची, किंचित कलती करायची आणि आत काय आहे ते सांगून टाकायचं. "ह्यां सल्फ्युरिक. तेलासारख्यां जड हलता." लेबलं पुसट झालेल्या बाटल्या आमच्या नाहूरच्या शाळेत पुष्कळ होत्या आणि तीस वर्षं त्या पुसणारा माणूस हा एकच. हुद्द्याने शिपाई. वडील मालवणकडून येऊन गिरणीत लागले होते. गिरण्या बंद पडल्यावर मामा शाळेत लागले. माझं ग्रंथालय प्रयोगशाळेच्या भिंतीला लागून, म्हणून मी त्यांची शेजारीण. चारचौघांत ते मला 'मॅडम' म्हणत, दोघंच असलो की 'बाय'.

नव्या शिक्षिकांना ते हळूच सांगत, "मॅडम, ॲसिडात पाणी ओतूचां नाय, उसळून आंगावर येता. पाण्यात ॲसिड, तां पण दमान. नवी सून घरात घेतत तसां." शिक्षिका हसत, पण धडा लक्षात राही.

एकदा प्रात्यक्षिकाच्या दिवशीच लिटमस संपलेला निघाला. मामांनी डब्याच्या पिशवीतून आगळाची बाटली काढली. कोकमाचा तो खारट रस त्यांच्या जेवणात रोज असे. पाण्यात थोडं आगळ घालून त्यांनी दोन परीक्षानळ्या भरल्या. एकीत लिंबू पिळलं, रंग लालच राहिला. दुसरीत धुण्याच्या सोड्याचं पाणी घातलं, तशी लाली उतरून रंग काळपट निळा झाला. आम्ल आणि आम्लारी समोर उभी.

"मामा, आता हे प्यायचं का?" एका मुलीने विचारलं.

"तू पी. मी साक्षीदार रवतंय."

निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना ते ग्रंथालयात आले आणि दार लोटून उभे राहिले. "बाय, माझो एक विषय रवलो हा."

"कुठला?"

"विज्ञान."

दहावीला ते तेवढ्या एकाच विषयात नापास झाले होते. मी हसले नाही, याचं मला आजही बरं वाटतं. "निवृत्त होताना विज्ञानात नापास म्हणान ह्या लॅबातसून भायर पडूचां नाय माका," ते म्हणाले.

बाहेरून फॉर्म भरला. अभ्यासक्रम बदललेला, म्हणून सगळेच विषय द्यावे लागले. विज्ञान मी घेते म्हटलं. मी भाषेची माणूस. मला पाठांतर करून घेता येतं, तेच मी केलं. व्याख्या, फरकांचे तक्ते, पुस्तकातल्या शब्दांत. मामा मान खाली घालून घोकत. मधेच म्हणत, "पाठ केला काय दिसायचां बंद होता गो." मी म्हणे, "मामा, परीक्षकाला पुस्तकातलंच लागतं."

इतर सगळे विषय सुटले. विज्ञान पुन्हा राहिलं.

उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. आम्ल आणि आम्लारी यांतला फरक त्यांनी सुरेख अक्षरात लिहिला होता, फक्त रकान्यांची डोकी उलटी पडली होती. आम्लाखाली आम्लारीचे सगळे गुण. ज्याचे हात आयुष्यभर या दोन्हींत गेले, त्याने ही चूक केली, आणि ती मी शिकवलेली होती. मी माफी मागायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, "तुझां चुकलां नाय. माझ्या डोळ्यांसमोर तुझो तक्तो होतो. आगळाची बाटली नव्हती."

जुलैच्या पुरवणी परीक्षेआधी आम्ही तक्ते मिटले. मी पुस्तकातला प्रश्न वाचायचा, ते रिकामे हात हलवत ओतायचे, तापवायचे, गाळायचे आणि मग जे दिसलं ते लिहायचे. परीक्षेच्या खोलीतही त्यांनी तेच केलं असणार, कारण पर्यवेक्षकाने म्हणे दोनदा विचारलं, "आजोबा, बरं वाटतंय ना?"

ते पास झाले. गुणपत्रिका त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली, खूप वेळ पाहिली आणि विचारलं, "अकरावीचां रसायनाचां पुस्तक आसा?" शाळेला जोडून कनिष्ठ महाविद्यालय आहे, पुस्तक होतं. निवृत्तीच्या दिवशी ते नारळ, शाल आणि ते पुस्तक घेऊन गेले. परतीची तारीख मी घातली नाही.

यंदा माघात मामा गेले. महिन्याभराने त्यांची सून पुस्तक परत करायला आली. परत आलेल्या पुस्तकातल्या पेन्सिलीच्या खुणा खोडणं हे माझं रोजचं काम. रबर घेऊन बसले. अर्ध्यापर्यंत पानापानावर त्यांचं बारीक अक्षर होतं. शेवटची नोंद अशी: "बर्फ तरंगता तां समाजलां. पण बाकी सगळां थंडीन आकसता, पाणीच असां उलट्यां कित्याक वागता? विचारूचां."

मला उत्तर ठाऊक नव्हतं. मी उठून शेजारी गेले आणि रसायनाच्या नव्या शिक्षिकेपुढे ते पान धरलं. तिने दोनदा वाचलं. "कोणी लिहिलंय?"

"आमच्याकडचे एक विद्यार्थी," मी म्हटलं.

तिने मोबाइलवर पानाचा फोटो काढला. "उद्याचा तास यावरच घेते."

पुस्तक मी न खोडता कपाटात लावलं.