भिंतीवरचे अंगठे

तहसील कचेरीत शाईच्या पॅडशेजारची भिंत निळी झाली आहे. अंगठा उठवला की माणसं बोट तिथंच पुसतात. काल तिथं आमच्या शेजारच्या सुमनमावशी उभ्या होत्या. गावातलं दारूचं दुकान बंद करायला मतदान घ्या, असा बायकांनी अर्ज दिलाय. पुरेशा सह्या खऱ्या ठरल्या तरच मतदान. त्यांचीच पडताळणी चालू होती.

"जुन्या नोंदीत तुमचा अंगठा आहे, अर्जावर सही. जुळत नाही. बाद," कारकून म्हणाला.

"अहो साहेब, मी मधे सही शिकले की!"

"नियम आहे, बाई."

हे नियम आणखी कडक करायचं म्हणे विधानसभेत चाललंय. करा बाबांनो! आमच्या सह्या तपासा, बोटं तपासा. पण तुमच्या कपाटात आमची माहिती शिळी होऊन पडलीय, ती कोण तपासणार? आणि दुकान उघडताना आमच्यापैकी कुणाची सही लागली होती?

मावशींनी तिथल्या तिथं सही करून दाखवली. कारकुनानं मान वर केली नाही. तशा त्या पॅडकडे वळल्या, अंगठा शाईत दाबला आणि भिंतीवर जोरात उमटवला.

"शिकले हेच चुकलं माझं. घ्या, हा जुळतोय का बघा!"