दौलतचे तीन रॉयल पाम

तीन रॉयल पाम दौलतने मारले, असे सगळे म्हणतात. ते खोटे आहे. ते मी मारले.

आज दुपारी दौलतवर अंत्यसंस्कार झाले. आमच्यासोबत काम केलेली जी मंडळी माझ्या मित्रयादीत आहेत, त्यांनी ही पोस्ट कृपया शेवटपर्यंत वाचावी.

दौलत आणि मी रायपूरच्या एका सरकारी विश्रामगृहाच्या बागेत माळी होतो. दोघेही विदर्भातून आलेलो.

माझे शिक्षण चौथीपर्यंत. इतर माळ्यांपैकी कोणीच शाळेत गेलेले नव्हते. म्हणून दौलत मला मास्तर म्हणत असे.

मला ते फार आवडे. मी त्याची भाषासुद्धा सुधारत असे.

"मले नव्हे दौलत, मला म्हणावे."

"हव मास्तर. मला. आता तो पाईप दे मले."

फाटकापासून पोर्चपर्यंत चौदा रॉयल पाम होते. बी रुजवण्यापासून सगळे दौलतने केले. पिशवीतल्या रोपांना तो उन्हाळ्यात स्वतःचा गमछा भिजवून सावली करी.

मी फक्त दोरी ताणून ओळ आखली होती.

झाडे मोठी झाली. गुळगुळीत, करडी खोडे. त्यांवर हिरवागार दांडा. त्याच्याही वर पिसारा. पाहुणे गाडीतून उतरून मान मागे टाकून पाहत राहत.

अशा वेळी दौलतला नेमके तिथेच काहीतरी झाडायचे असे.

"किसने लगाए?" असे कोणी विचारले, तर तो माझ्याकडे बोट दाखवी. "लाईन मास्तर ने डाली, साहब."

मग एका वर्षी तीन झाडांना गेंड्या भुंगा लागला. हा भुंगा शेंड्यात शिरून गाभा पोखरतो. पामला फांद्या नसतात. त्याची सगळी वाढ त्या एका गाभ्यातून होते. तो गेला की चाळीस फुटी झाड उभ्या उभ्या संपते.

दौलत स्टोअरमधून दाणेदार औषधाचा एक पुडा घेऊन आला.

"वाचून पाय बरं मास्तर. भुंग्याचंच हाय न?"

पुड्यावर सगळे इंग्रजी होते. मला इंग्रजीचे एक अक्षर येत नाही.

मी पुडा हातात धरला. ओठ हलवले. लांबून दोन माळी बघत होते.

"हेच आहे. टाक," मी म्हणालो.

दौलत शिडीवर चढला. वाळूत कालवून त्याने ते औषध तिन्ही झाडांच्या शेंड्यात टाकले.

ते गवत मारायचे औषध होते.

महिनाभरात मधले कोवळे पान पिवळे पडले. दौलतने ते ओढले, तर सहज हातात आले. बुडाशी कुजलेले होते. तो ते पान घेऊन बराच वेळ शिडीवरच उभा राहिला.

साहेबांनी सर्वांना बोलावले. औषध कोणी टाकले?

"मैंने डाली, साहब," दौलत म्हणाला.

"पढ़ना नहीं आता, तो किसी से पूछ लेना था ना!"

दौलतने माझ्याकडे पाहिले. मी चार हातांवर होतो.

मी पाईप गुंडाळायला लागलो.

दौलतला बागेतून काढले आणि उरला या कारखान्यांच्या भागातल्या रस्त्यावर, दुभाजकातल्या झाडांना पाणी घालायला पाठवले. ट्रक, धूळ आणि कण्हेर. निवृत्त होईपर्यंत तो तिथेच होता.

मी उरलेल्या अकरा पामांखाली राहिलो.

त्याने मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. भेटला की "कसा हायेस मास्तर?" म्हणूनच विचारी.

पंधरा दिवसांपूर्वी त्याला भेटायला पुरानी बस्तीतल्या त्याच्या घरी गेलो. तो खाटेवर होता. त्याची मुलगी सुनंदा आत चहा ठेवत होती. त्याने उशाखालून गोळ्यांची पट्टी काढून माझ्या हातात दिली.

"वाच न मास्तर. सकाळची कोणती?"

मी चष्मा लावला. पट्टी जवळ धरली, दूर धरली.

दौलत हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला.

"अबे, सीधी तं धर. त्या दिवशीबी पुडा उलटाच धरला होता तुनं. चित्रातलं गवत खाली मुंडकं करून लटकून होतं."

"मग तू औषध टाकलेस कशाला?" मी विचारले.

"मले वाटलं, शिकलेले लोक तसंच वाचत असतीन."

मी पट्टी खाली ठेवली. तो म्हणाला, "साहेब गेला, नोकरीबी सरली. त्याचं काही नाही. पन माह्या पोरीले सांगजो एकडाव. तिले वाटते, बापानंच झाडं मारली."

सुनंदा चहा घेऊन आली.

"काका, शक्कर ठीक है?"

"उत्तम झाला आहे," मी म्हणालो. चहा संपवला आणि घरी आलो.

त्यानंतर दौलत पंधरा दिवस जिवंत होता. मी गेलो नाही.

आज स्मशानात एक जुना सहकारी म्हणाला, "आदमी बढ़िया था. बस, वो तीन पाम खा गया." दोघे-तिघे हसले.

सुनंदा तिथेच उभी होती. ती हात जोडून म्हणाली, "गलती हो गई थी बाबा से, भैया. पढ़े-लिखे नहीं थे न."

मी तिच्या शेजारी उभा होतो. माझे तोंड उघडले नाही.

सुनंदा, तुझ्या वडिलांकडून चूक झाली नव्हती. त्यांनी विचारले होते. मला विचारले होते.

ज्यांनी ज्यांनी ती गोष्ट सांगितली असेल, त्यांनी यापुढे दौलतच्या जागी माझे नाव घ्यावे.

उद्या सकाळी मी तुझ्या घरी येतो, बेटा. हेच तुझ्यासमोर तोंडाने सांगेन. त्यानंतर बैस म्हणायचे की जा म्हणायचे, ते तू ठरव.

दौलत, तू सांगितलेले काम मी वेळेत केले नाही.

मान खाली घालून तुला अखेरचा नमस्कार.