तीन पडदे आणि पुढच्या खोलीतला कापूस

मोठ्या भावाने नांदुऱ्यातल्या एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून तीन जुने मॉनिटर आणले, तेव्हा आमच्या पुढच्या खोलीत छताला टेकेल एवढा कापूस भरलेला होता. त्याला घरी बसून शेअरचा धंदा करायचा होता. एका पडद्यावर भाव, दुसऱ्यावर आलेख, तिसऱ्यावर खरेदी-विक्री. त्यासाठी पुढची खोली हवी होती, म्हणून त्याचं म्हणणं सरळ होतं : कापूस विकून टाका.

आणि माझं म्हणणं छापून गावभर वाटलेलं होतं. 'पडत्या भावात कापूस विकू नका. घरात ठेवा.' अळी लागणार नाही असं सांगून कंपन्यांनी बियाणं विकलं, अळी बोंडात शिरून बसली, आणि त्यातून वाचलेला कापूस व्यापाऱ्याने मातीमोल मागायचा? ते पत्रक मी लिहिलं, मीच दारोदार वाटलं. लोकांनी ऐकलं. आता सगळ्यांचं लक्ष आमच्या दाराकडे होतं. पहिली गाडी पत्रकवाल्याच्याच घरून भरली असती, तर गावाने मला पुन्हा दारात उभं केलं नसतं. आणि त्यांचं बरोबरच होतं.

"काऊन बे, तुह्या पत्रकापायी मी धंदा करू नोको का?" भाऊ म्हणाला.

"कर ना. पण कापूस हालणार नाही."

"आईले विचार. खाजवू खाजवू अर्धी झाली ते."

साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते. आई दंड खाजवतच म्हणाली, "मले नका मधात घेऊ. दोघं भांडा, पण लवकर भांडा."

तोडगा मी काढला आणि तो चुकीचा काढला. कापूस मागच्या भिंतीकडे रेटला, दाराजवळ टेबल लावलं. पत्रकं जुळवता जुळवता कॉम्प्युटरचं थोडंफार आलं होतं, म्हणून जोडणीही माझ्याच गळ्यात. मशीनला दोनच पडदे जोडता येत होते, तिसऱ्यासाठी वेगळं कार्ड बसवलं. पडद्यांचा क्रम उलटा लागला होता. माउस डावीकडे न्यावा तर बाण भलत्याच पडद्यावर निघायचा. तोही सरळ केला.

दुसऱ्या आठवड्यात मशीन शेअर बाजाराच्या भर वेळेत आपोआप बंद पडू लागलं. लाईट असताना! भावाचा सौदा अर्धवट लटकला आणि त्याने मला सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं झापलं.

आवाज ऐकून शेजारचे चाचा आले. ते पिंजारी, गाद्या भरणारे. दारातूनच हसले. "अरे बेटा, रुईत पंखा ठेवते का कोणी? माहा जनम गेला याच्यात, अजून खोकलून राह्यलो. तुही मशीन किती दिवस टिकंल?"

झाकण उघडलं. आतला पंखा कापसाच्या तंतूंनी गच्च झाला होता, म्हणून मशीन तापून बंद पडत होतं.

भावाने मोबाईल काढला आणि कापूस नेणाऱ्या गाडीवाल्याचा नंबर शोधू लागला. मी त्याचा हात धरला.

"माही खोली घे."

"अन् तू?"

"मी कापसात निजतो."

माझ्या खोलीत वाटून उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे होते. तीन मॉनिटर तीन मापांचे, मधला सगळ्यात बुटका. त्याच्याखाली दोन गठ्ठे सरकवले तेव्हा कुठे ओळ सरळ आली.

"चाल, पत्रकाचा काई तरी उपेग झाला," भाऊ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गल्लीतली चार माणसं पडदे पाहायला आली. त्यांना वाटलं, यात आपल्या कापसाचा भाव दिसत असेल.

"तो नाही दिसत," भाऊ म्हणाला. "हे कंपन्यायचे भाव हायेत."

माझं तोंड सुटणारच होतं, की कंपन्यांचा भाव क्षणाक्षणाला दाखवता आणि आमचा व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकायचा, हा कुठला न्याय? पण त्यांतला एक जण आधीच उठून पुढच्या खोलीच्या दाराशी गेला होता. कापसावर माझी चादर अंथरलेली होती.

"हाव, कापूस हाये अजून," तो बाकीच्यांना म्हणाला. मग ते आपापल्या घरी गेले.