जाता जाता जरा

कासिम अत्तार ज्या राज्याचा तारणहार होता, ते राज्य गेली दोन वर्षं जळायच्या बेतात होतं. उत्तरेच्या बुरुजावर एक राक्षस बसलाय, काळा चंद्र उगवला की तो खाली उतरेल आणि माणसं, घरं, गुरंढोरं सगळ्याची राख करेल, असं एका म्हाताऱ्या राजाने गेमच्या सुरुवातीलाच त्याला रडत रडत सांगितलं होतं. कासिमने मान डोलावली, तलवार कमरेला लावली, आणि वेशीबाहेर पडल्या पडल्या एका बाईची हरवलेली बकरी शोधायला निघून गेला.

बकरी सापडली. मग कोळ्याचं जाळं सापडलं. मग एका लोहाराला त्याच्या रुसलेल्या भावाचा निरोप पोचवला, भावाचा उलटा निरोप परत आणला, लोहाराच्या घोड्याला खरारा केला. राजा तिकडे अजून रडतच असावा. पण त्याच्याकडे परत जाऊन बघायला वेळ कुणाला होता?

गेमच्या भाषेत याला साइड क्वेस्ट म्हणतात. पुण्याच्या भाषेत ‘जाता जाता जरा’.

कासिम पस्तिशीचा, गंज पेठेत राहणारा, मंडईजवळच्या एका चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवणारा. स्वभावाने इतका चांगला की बायकोला त्याबद्दल तक्रार कुणाकडे करावी कळत नसे. दुकानात त्याच्या शेजारच्या खुर्चीवर दिगंबर बसायचा. त्यानेही तोच गेम घेतला आणि आठवड्यात संपवला.

“मारला राक्षस,” दिगंबर म्हणाला.

“आणि बकरी?”

“कुठली बकरी?”

“अरे, वेशीबाहेरची बाई नाही का! ती बकरी आपल्याला विहिरीपाशी घेऊन जाते, विहिरीत घंटा असते...”

“मला राक्षस मारायला सांगितलं होतं. बाईला मी ओळखत नाही.”

“मग मजा आली?”

“नाही. पण संपला.”

कासिमला त्याची मनापासून दया आली. आणि खरं सांगायचं तर गेमपुरतं कासिमचंच बरोबर होतं. त्या राक्षसाच्या गोष्टीत दम नव्हता. कुठल्याही गेममधला राक्षस काढून तिथे बसवला असता तरी कुणाला पत्ता लागला नसता. जीव ओतला होता तो बकरीत आणि लोहारात. शिवाय त्या कामांची रीत कशी सुटसुटीत! ज्याचं काम अडलंय त्याच्या डोक्यावर पिवळी खूण चमकते. तो दोन वाक्यांत सांगतो काय हवंय. तुम्ही ते करता. तो “तुमचे उपकार कसे फेडू” म्हणतो आणि एखादी टोपी देतो. लोक नोकरीत, संसारात, नात्यागोत्यात जन्म घालवतात, पण आपल्याकडून नेमकं काय हवंय हे दोन वाक्यांत सांगणारा त्यांना भेटत नाही. टोपी तर लांबच.

घोळ आहे तो दुसरीकडे. तुम्ही बुरुजाची पायरी चढत नाही तोवर काळा चंद्र उगवतच नाही. तुम्ही मासे पकडा, टोप्या जमवा, राक्षस हातावर हात ठेवून वाट बघतो. इतका सोशिक राक्षस पुण्यात दुकान टाकून बसला असता तर गिऱ्हाइकांनी त्याला डोक्यावर घेतलं असतं. कासिमने मात्र त्यावरून असा समज करून घेतला की सगळेच असे थांबतात.

त्याची बायको तरन्नुम थांबली. लग्न झाल्यापासून आठ वर्षं थांबली. “तुमचा राक्षस म्हातारा होऊन मरेल हो वर,” ती भाजी निवडताना म्हणायची, आणि कासिम टीव्हीवरची नजर न काढता हसायचा. दोघं घरात बोलायची ती दखनी हिंदीत. भांडण निघालं की मराठीत. बोचायचं कसं ते पुण्यात राहून मराठीतच शिकायला मिळतं.

तरन्नुमने लग्नानंतर, घरचं सगळं उरकून, बी.एड. केलं होतं. गेल्या पावसाळ्यानंतर मांजरीच्या एका शाळेतून तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. वेळ अकराची. कासिमने दुकानातून सुट्टी काढली. “मी सोडतो. आपण आरामात निघू.”

निघाले ते खरंच आरामात. फक्त शेजारच्या दीनानाथकाकांनी जिन्यात अडवून एक चष्मा हातात दिला, मंडईतल्या त्यांच्या भावाला जाता जाता जरा द्यायचा होता. आता गंज पेठेतून मांजरीला जाताना मंडई लागत नाही. पृथ्वी गोल आहे हे धरलं तर लागते, एवढंच. कासिमने स्कूटर उलटी वळवली. मागे तरन्नुम, मांडीवर प्रमाणपत्रांची फाइल.

“उशीर होईल.”

“दोन मिनिटं गं.”

मंडईतला भाऊ गाळ्यावर नव्हता. तो येईपर्यंत कासिमने एका बाईच्या सीताफळांच्या पाट्या उतरवून दिल्या. निघता निघता एका आजोबांची बंद पडलेली स्कूटर ढकलली. ती चालू होईना तेव्हा प्लग काढला, पुसला, परत बसवला. आजोबा गहिवरले. त्यांनी पिशवीतली केळ्यांची फणी काढून तरन्नुमच्या मांडीवर ठेवली. म्हणजे आता फाइल, आणि फाइलवर केळी.

मांजरीच्या शाळेच्या फाटकाशी पोचले तेव्हा शिपाई सांगत होता, “मॅडम गेल्या की कधीच्या. मुलाखती झाल्या.”

तरन्नुम खाली उतरली. केळी तिने सीटवर ठेवली. “ही तुम्ही खा,” म्हणाली, आणि समोरून आलेल्या लोणी काळभोरच्या बसमध्ये चढली. लोणीला तिचं माहेर. दुसऱ्या दिवशी कासिम दुकानात असताना येऊन ती आपले कपडे बॅगेत भरून घेऊन गेली.

आता अत्तारांकडची आणि तिच्या माहेरची रीत अशी की बायको रुसून गेली तर नवऱ्याने स्वतः न्यायला जायचं. तिकडे त्याला आधी पोटभर जेवू घालतात. सासरा आपल्या तोंडाने विषय काढत नाही, मुलगी आतल्या खोलीतून बाहेर येत नाही. जावयाने विषय काढायचा, चुकलं म्हणायचं, की मुलगी बॅग घेऊन येते. वाक्य एकच असतं. पण ते कुणी डोक्यावर पिवळी खूण लावून सांगत नाही.

पहिल्या रविवारी कासिम लोणीला गेला. सासरे शमशुद्दीन कारखान्यातून निवृत्त होऊन घरामागे वांगी, मेथी लावून बसलेले. त्यांनी मटण वाढलं. जेवण झालं. मग जी शांतता पसरली तिच्यात वरचा पंखा कट्-कट् वाजत होता.

“हा पंखा वाजतोय का हो?” कासिम म्हणाला.

“वाजतोय जनू,” शमशुद्दीन म्हणाले. “लई दिस झालं.”

कासिमचा चेहरा असा उजळला की काय सांगावं! स्टूल आणलं, पंखा उतरवला, तेल घातलं, चढवला. संध्याकाळ झाली. शमशुद्दीननी पिशवीभर वांगी दिली.

घरी सुगराबी, म्हणजे कासिमची अम्मी, दारातच उभ्या होत्या. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं.

“सून आणायला गेला होतास ना रे?”

“हो.”

“ही वांगी आहेत.”

पुढच्या रविवारी न्हाणीतला नळ झाला. मेथीची जुडी मिळाली. त्याच्या पुढच्या रविवारी दाराची कडी, टीव्हीची तार आणि भिंतीपलीकडच्या मुक्ताईंचा मिक्सर, पुन्हा वांगी. शमशुद्दीन कारखान्यात मुकादम होते. आपण होऊन राबणाऱ्या माणसाला थांबवू नये, इतकं त्यांना कळत होतं. आतल्या खोलीत तरन्नुम बसून ऐकायची: स्टूल सरकल्याचा आवाज, पक्कड पडल्याचा आवाज, मुक्ताईंचं “जावई लई गुनाचा हाय बया!”

मग शनिवारी कासिमच्या मोबाइलवर तिचा निरोप आला. ‘शाळेने सोमवारी परत बोलावलंय. त्यांना पहिली बाई पसंत पडली नाही. लागली नोकरी तर इथूनच जाईन. लोणी जवळ पडतं.’

कासिमने तो दिगंबरला दाखवला. दिगंबरने काच पुसत पुसत वाचला.

“चंद्र उगवला म्हणायचा,” तो म्हणाला. “उद्या पक्कड घरी ठेवून जा.”

चौथ्या रविवारी कासिम पक्कड न घेता गेला. जेवण झालं. शांतता पसरली. पंखा आता वाजतही नव्हता; तो त्यानेच गप्प केलेला. त्याची नजर छतावरून नळाकडे, नळावरून कडीकडे फिरली. सगळं ठणठणीत. कॅलेंडर जरा तिरकं होतं, ते त्याने उठून सरळ केलं आणि परत बसला.

“काय बगताय?” शमशुद्दीननी विचारलं.

“काही नाही.”

“समदं झालं म्हना की दुरुस्त.”

“हो.”

“आता काय ऱ्हायलं?”

तेवढ्यात आतल्या दाराचा पडदा हलला. तरन्नुम उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. रीत तिनेच मोडली, कारण या वेगाने नवरा सबंध लोणी दुरुस्त करून म्हातारा झाला असता.

कासिमने तोंड उघडलं. आणि नेमक्या त्याच वेळी भिंतीपलीकडून हाक आली, “जावई आल्यात न्हवं? अवो, आमची मोटर वाईच बगता का? पानीच खेचंना झालीय!”

मोटर! कासिमचे गुडघे आपसूक सरळ होऊ लागले. तो अर्धा उठला. तरन्नुम त्या उठणाऱ्या गुडघ्यांकडे बघत राहिली. कासिमने तिला बघताना पाहिलं, आणि खाली बसला.

“मुक्ताई, आज नाही.”

“अवो, पाचच मिन्टं.”

“पाच मिनिटांनीसुद्धा नाही.”

“बरं बया,” मुक्ताई म्हणाल्या, आणि भिंतीलाच टेकून उभ्या राहिल्या. मोटर कुठे पळून चालली होती?

कासिम फरशीकडे बघत बोलू लागला. “त्या दिवशी मला माहीत होतं, उशीर होतोय.”

“माहीत होतं?”

“हो. पण मांजरीला पोचल्यावर काय होणार ते माहीत नव्हतं. तुला नोकरी लागली असती तर मी काय बोलायचं, नसती लागली तर काय बोलायचं, काही सुचत नव्हतं. मंडईत काय करायचं ते कळत होतं. पाटी उचलायची. प्लग पुसायचा.”

“आणि मी मागे बसले होते.”

“हो.”

“मी बकरी असते तर तुम्ही पहिल्या दिवशी शोधायला आला असता.”

शमशुद्दीनना बकरीचा संदर्भ लागला नाही, पण सूर लागला. ते वांग्यांना पाणी घालायला मागे गेले.

“चुकलं माझं,” कासिम म्हणाला. वाक्य खरंच एकच होतं. त्यासाठी पंखा, नळ, कडी, टीव्ही आणि एक परका मिक्सर खर्ची पडला होता.

तरन्नुमने लगेच बॅग आणली नाही. “उद्या मला शाळेत सोडा,” म्हणाली. “पोचलो तर पुढचं बोलू.”

सोमवारी सकाळी दोघं लोणीहून निघाली. तिच्या हातात एक मोठी बॅग होती. फाइल असेल, डबा असेल, असं कासिमने धरलं. सोलापूर रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांमागून वाट काढत तो शहाण्यासारखा सरळ चालला होता. मधेच उजव्या हाताला एक म्हातारा दिसला, धोतर सावरत दुभाजकाकडे पळणारा, दोन्ही हात वर. आणि त्याच्या पुढे, रस्त्याच्या अगदी मधोमध, बकरी.

खरी बकरी. पांढरी, एक कान काळा.

कासिमची बोटं ब्रेकवर गेली. ती त्याने पाठवली नव्हती, आपली आपण गेली.

“अहो,” मागून आवाज आला. “बकरी मलाही दिसली.”

“तो म्हातारा...”

“म्हाताऱ्यामागे चार पोरं पळतायत, तीही दिसली. चला.”

कासिम चालला. मागे वळून त्याने पाहिलं नाही. मांजरीच्या फाट्यापर्यंत आरशात मात्र बघत होता, आणि पोरांनी बकरी धरलेली दिसली तेव्हा त्याला हायसं वाटलं आणि थोडं वाईटही. आपल्यावाचून धरली म्हणून.

शाळेच्या फाटकाशी ते वेळेआधी पोचले. तरन्नुमने बॅगेतून फाइल काढली, ओढणी नीट केली, आणि बॅग त्याच्या हातात दिली.

“ही धरा. इथून हलू नका.”

ती आत गेली. बॅग फाइल काढूनही चांगलीच जड होती. चेन अर्धी उघडी राहिली होती. आत वर वांगी होती, आणि वांग्यांखाली, माहेरी नेलेले आणि चार रविवार तिथेच राहिलेले तिचे सगळे कपडे, घड्या घालून.

कासिम ती बॅग पोटाशी धरून उभा राहिला. एवढ्यात शिपाई आला. एका बाजूने फाटक लोटून बघू लागला, ते रुळावर अडलं होतं, जागचं हलेना.

“ओ भाऊ,” शिपायाने हाक मारली. “रिकामेच हाय ना? जरा हात लावता का?”

कासिमने फाटकाकडे पाहिलं. चाकात खडा अडकलाय हे त्याला इथूनही दिसत होतं. अर्ध्या मिनिटाचं काम.

“नाही हो,” तो म्हणाला. “हातात बॅग आहे.”