बाईच्या वहीतली बांधी

फोन आला तेव्हा मी वॉर्डात एका पेशंटला सलाइन लावत होते. भाचा म्हणाला, "मावशी, आई गेली." मी विचारलं, "कुठं गेली?" सव्वा महिना झाला, पण माझा तो प्रश्न काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण. सालेकश्याकडं तिची धानाची शेती. सातवीनंतर शाळा सुटली, पण वहीचा नाद सुटला नाही. मनात काही आलं की ती बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, काढायची. कागदावर वाकडेतिकडे चौकोन, मध्ये धुरे म्हणजे बांध, धुऱ्याला पाणी जायला फट. प्रत्येक चौकोनात एक काम. काम झालं की हिरव्या पेनानं तो चौकोन भरायचा, म्हणजे रोवणी झाली. मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षी नापास होऊन घरी येऊन बसले, तेव्हा तिनं माझ्यासमोर वही टाकली. "काऊन व रडून राहिलीस? अख्खं वावर एका दिवसात रोवल्या जाते का? एक बांधी घ्याची, ते झाली का दुसरी." मला राग आला होता, हसूही आलं होतं. पण त्या पानावरची शेवटची बांधी भरली तेव्हा मी नर्स झाले होते, हे कबूल करायला हवं.

तिची माझी शेवटची भेट यंदा रोवणीच्याच दिवसांत झाली. पाय धुऊन आली आणि तिनं वही माझ्या पुढ्यात सरकवली. चष्मा पर्समध्ये होता, तो काढायचा मला कंटाळा. मला नुसते चौकोन दिसले. त्या दिवसांत इकडच्या माणसाला दुसरं काय सुचणार? मी म्हटलं, "किती बांध्या राहिल्या ग अजून?" ती हसली. म्हणाली, "दोन." आणि वही मिटली. मग चहा ठेवता ठेवता म्हणाली, "तुले सुट्टी कधी भेटते व?" फोनवरही दोनदा विचारून झालं होतं. मी नेहमीसारखं म्हटलं, "पाहू."

तेरवीनंतर भाच्यानं ती वही माझ्या हातात दिली. या वेळी चष्मा लावला. पानाच्या वर लिहिलं होतं, 'समुद्र पाहाचा.' खाली बांध्या... बीपीची गोळी रोज. रेल्वेच्या वरच्या बर्थवर चढणं. बैलाचं कोण पाहील. सुनेला सांगणं. सगळ्या हिरव्यागार. मग एक कोरी, तिच्यात फक्त माझं नाव, 'मीना'. आणि तिच्या धुऱ्याला फट ठेवून शेवटची, तीही कोरी. 'समुद्र'.

"हे काय रे?" मी भाच्याला विचारलं.

"मले नाही मालूम, मावशी. आईनं मले काईच नाही सांगतलन."

आता मी काय समजायचं? तिला मला नुसतं विचारायचं होतं, की सोबत न्यायचं होतं? की नोकरीत पिचून गेलेल्या धाकटीला एकदा समुद्र दाखवावा म्हणून तिनं हा सगळा खटाटोप केला? तिला सुनेबरोबर जाता आलं असतं. मग माझ्याच बांधीपाशी पाणी काऊन अडवून ठेवलं? सगळ्यांना लिहून स्पष्ट करा म्हणणारी बाई, स्वतःच्या वेळी नुसतं माझं नाव लिहून मोकळी झाली. कधी मला तिचा संताप येतो. कधी स्वतःचाच, आणि तो जास्त वेळ टिकतो.

मागच्या सोमवारी मी सुट्टीचा अर्ज दिला. मॅडमनी कारणही विचारलं नाही, उभ्या उभ्या सही केली. आठ दिवस. इतकं सोपं होतं ते.

वही आता माझ्या टेबलावर आहे, हिरवा पेन त्याच पानात अडकवलेला. रोज संध्याकाळी ड्यूटीवरून आले की मी ते पान उघडते, पेनाचं टोपण काढते. मिळालेल्या सुट्टीनं माझी बांधी भरली असं धरायचं का... हे विचारायला बाई नाही. मी टोपण लावते आणि वही मिटते.