पाच लिटर, पाच फॅट

आमच्या सोसायटीत लोक मला विचारतात, "तुम्ही नक्की काय करता?" मी सांगते, सॉफ्टवेअर कंपनीत डॉक्युमेंटेशन लिहिते. मग समोरचा माणूस "म्हणजे टायपिंग" असं म्हणून आपलं समाधान करून घेतो. सुरुवातीला मी समजावत असे. आता "हो, टायपिंगच" म्हणते आणि लिफ्टचं बटण दाबते. पुण्यात राहून एवढं तरी शिकायला हवं.

खराडीच्या आमच्या ऑफिसात दूध संघांसाठी सॉफ्टवेअर बनतं. गावातल्या संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ दूध येतं, मशीन फॅट मोजतं आणि दूध घालणाऱ्याच्या हातात स्लिप पडते. त्या सगळ्यामागचं गणित आमच्या एका पॅकेजमध्ये असतं. पॅकेज म्हणजे एकदा नीट लिहून बंद करून ठेवलेला कोड. बाकीच्यांनी तो उघडायचा नाही, नुसता वापरायचा. त्याला काय द्यायचं, कुठल्या क्रमाने द्यायचं, तो काय परत देतो, हे मी लिहायचं. आणि मी लिहिलेलं कुणी वाचायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. प्रोग्रॅमर टेबलाशी येऊन विचारत, "मॅडम, हे कसं करायचं?" मी म्हणे, "लिहिलंय." ते म्हणत, "हो, पण सांगा ना."

दूध संघ नवं व्हर्जन घ्यायला तयार नसत. आम्ही सहाव्या व्हर्जनवर पोचलो तरी बरेचसे संघ तिसऱ्यावरच बसून होते. चालतंय ना, मग हात कशाला लावता, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते कधी चुकीचं वाटलं नाही. या तिसऱ्या व्हर्जनचं सगळं काम एकटी माझी मैत्रीण बघायची. ती अमरावतीकडची. वाघोलीहून आम्ही एकाच बसने ऑफिसला यायचो आणि बस नगर रोडवर अडकली की डबा उघडून तिथेच पोहे खायचो. तिचा नवरा गावाकडे वडिलांचं औषधांचं दुकान सांभाळायचा. लेकीला पुण्यातच शिकवायचं, या एका हट्टावर ती इथे टिकून होती. लेक बारावीला होती. नोकरी गेली असती तर पुणं सुटलं असतं, आणि लेकीचं वर्ष मध्येच. हे ती कधी बोलून दाखवायची नाही, पण बसमध्ये रोज शेजारी बसणाऱ्या बाईला ते सांगावं लागत नाही.

आमच्या साहेबांबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण इथे नाव लिहायचं नाही म्हणून साहेब म्हणते. एरवी वयाने ते माझ्या धाकट्या भावाहून लहान. खंडेनवमीला ऑफिसात कॉम्प्युटरची पूजा होते. झेंडूच्या माळा, कीबोर्डवर हळदकुंकू, नंतर पेढे. पूजेआधी साफसफाई करायची म्हणून त्या वर्षी साहेबांनी टेबलांबरोबर वेबसाइटही साफ करायला घेतली. माझी जुन्या व्हर्जन्सची सगळी पानं त्यांना अडगळ वाटली. "लेटेस्ट तेवढं ठेवू या. क्लीन दिसलं पाहिजे." मी म्हटलं, जुनं व्हर्जन वापरणारे संघ जिवंत आहेत अजून. ते म्हणाले, "मॅडम, त्यांच्यापैकी कोण वाचतंय?" आणि खरंच कुणी वाचत नव्हतं. पानं गेली. पेढा मात्र चांगला होता.

मग पुढच्या वर्षी एआय असिस्टंट आला. त्याला सांगायचं, अमुक कर, की तो कोड लिहून देणार. वापरणं सक्तीचं, कोण किती वापरतं ते साहेबांना पडद्यावर दिसे. बंद पॅकेजच्या आत काय आहे ते या असिस्टंटला दिसत नसल्यामुळे तो वेबसाइटवरचं डॉक्युमेंटेशन वाचून उत्तर देई. म्हणजे इतक्या वर्षांनी माझं लिखाण कुणीतरी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होतं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. नवऱ्याला मी घरी जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "चला, एक तरी वाचक मिळाला." मी त्याच्याशी जेवण होईपर्यंत बोलले नाही.

पण त्या वाचकाच्या हातात पुस्तक चुकीचं होतं. तिसऱ्या व्हर्जनमध्ये दर काढायला आधी लिटर द्यायचे आणि मग फॅट. सहाव्यात कुणाला तरी काहीतरी सुधारावंसं वाटलं आणि क्रम उलटा झाला: आधी फॅट, मग लिटर. पॅकेजला दोन्ही आकडेच दिसतात, तेव्हा ते तक्रार करत नाही. एका संघाला स्लिपमध्ये छोटासा बदल हवा होता. मैत्रिणीने तो असिस्टंटकडून करून घेतला, कारण हाताने केला असता तर साहेबांच्या पडद्यावर ती आळशी दिसली असती. असिस्टंटने सहाव्या व्हर्जनचं पान वाचलं आणि आत्मविश्वासाने आधी फॅट लिहिलं. तिने तपासलं नाही असं नाही. आमच्याकडे तपासायला कायम पाच लिटर आणि पाच फॅट टाकतात. ही पद्धत कुणी पाडली माहीत नाही, मी नोकरीला लागले तेव्हापासून सगळे पाच-पाचच टाकतात. पाच आणि पाच उलटे केले तरी पाच आणि पाचच. सगळं हिरवं दिसलं आणि बदल गावाला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी संघाच्या सचिवांचा फोन आला. मैत्रिणीने स्पीकर लावला. "आवो म्याडम, चाळीस लिटर घातलं तर हितं सहा लिटर दूध अन् चाळीस फॅट दाखवतंय! आमची म्हस काय थेट लोनी द्याया लागली का?" मागे बायकांचा गलका ऐकू येत होता. माझ्या तोंडून हसू फुटलं. ती हसली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि मग मीही हसायची थांबले.

चूक दुपारपर्यंत दुरुस्त झाली. तिच्याच हातून, असिस्टंटला न विचारता. मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "टूलवर ब्लेम नको. व्हेरिफाय करणं माणसाची जबाबदारी आहे." मी म्हटलं, "तुम्ही जुनी पानं काढलीत म्हणून त्याने नवी वाचली. शेजारच्या घराची किल्ली देऊन कुलूप का उघडलं नाही म्हणून विचारता?" साहेबांनी माझ्याकडे अशा सहनशीलतेने पाहिलं, की मला ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. तिला सुधारणेसाठी दिवाळीपर्यंत मुदत मिळाली. आमच्या धंद्यात ही मुदत म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक असतं. बसमध्ये ती म्हणाली, "काहून भांडता ताई तुम्ही त्यांच्याशी? माझ्यावरच उलटून राहिलं ते."

तेव्हा मी ठरवलं, भांडायचं नाही, सिद्ध करायचं. जुन्या व्हर्जन्सचं डॉक्युमेंटेशन पुन्हा उभं करायचं, आणि असिस्टंट ज्या संघाचं काम करत असेल त्या संघाच्या व्हर्जनचंच पान त्याच्यासमोर येईल अशी व्यवस्था करायची. एकदा त्याने बरोबर उत्तर दिलं की चूक तिची नव्हती, पानाची होती, हे आंधळ्यालाही दिसेल. साहेबांना कल्पना एकदम पसंत पडली. इतकी, की तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

मी जुनी पानं जपून ठेवली होती, पण ती अपुरी निघाली. तिसरं व्हर्जन इतक्या वर्षांत तिने जागोजागी ठिगळं लावून चालवलं होतं, आणि ती ठिगळं कुठेच लिहिलेली नव्हती. मग आम्ही दोघी कॅन्टीनच्या कोपऱ्यात बसू लागलो. ती सांगायची, मी लिहायचे. एखाद्या सभासदाचा क्रमांक शून्याने सुरू झाला तर काय होतं. गाय आणि म्हैस एकाच बरणीत आली तर दर कुठला लागतो. सुट्टीच्या दिवशी तारीख कशी पकडायची. ती तिच्या वऱ्हाडीत सांगायची, "इथं ते बावळटासारखं करते नं, म्हणून त्याला आधी शून्य देऊन ठेवायचं," आणि मी त्याचं स्वच्छ, कोरडं, इंग्रजी वाक्य करायचे. शेवटी तिने सांगितलं, "अन् हे लिहाच ताई: तपासताना दोन्ही आकडे वेगळे घ्या." मी लिहिलं. त्या दिवसांत ती खूश होती. कुणी आपल्याला इतकं विचारतंय, याचंच तिला अप्रूप होतं. आणि मला वाटत होतं, मी तिला वाचवतेय.

दिवाळीच्या तोंडावर साहेबांनी मोठ्या खोलीत सगळ्यांना बोलावलं आणि असिस्टंटला तेच जुनं काम पुन्हा दिलं. त्याने आधी व्हर्जन तपासलं. तिसरं आहे हे ओळखलं. आधी लिटर, मग फॅट लिहिलं. वर बजावलं की सहाव्या व्हर्जनमध्ये हा क्रम उलटा आहे, आणि तपासताना दोन्ही आकडे वेगळे घ्यावेत. खोलीत टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मैत्रिणीकडे पाहून मी मान हलवली, म्हणजे झालं, सुटलीस.

साहेब म्हणाले, "म्हणजे प्रॉब्लेम माणसाचा नव्हताच. मॅडमचं म्हणणं बरोबर होतं." आणि मग त्याच सुरात, एक श्वासही मध्ये न घेता, "आणि आता तिसऱ्या व्हर्जनसाठी वेगळं माणूस ठेवायची गरजही नाही."

तिच्यावरचा ठपका त्यांनी रीतसर काढला, त्याचं तिला पत्रही दिलं. ती कामात कुठेही कमी पडली नव्हती, फक्त ते काम आता उरलं नव्हतं. मी साहेबांच्या खोलीत गेले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही इमोशनल होताय. ॲक्चुअली हे तुमचं सक्सेस आहे." मला त्यांनी नवा हुद्दा दिला. सोसायटीत विचारलं तर त्याचाही अर्थ टायपिंगच निघेल. मी तो घेतला, नाकारला नाही. घरी राहून काय दिवे लावणार होते?

लेकीला तिच्या एका वर्गमैत्रिणीच्या घरी परीक्षेपर्यंत ठेवायचं तिने बघितलं. ते जमलं नाही. माझ्याकडे ठेव म्हणून मी दोनदा म्हटलं. ती "नाही ताई" म्हणाली, आणि ते "नाही" असं होतं की तिसऱ्यांदा म्हणायची माझी छाती झाली नाही. सामान आधीच टेम्पोने गेलं. एका संध्याकाळी त्या दोघी वाघोलीला ट्रॅव्हल्सची वाट बघत थांबल्या होत्या आणि मी पोचवायला गेले होते. लेक पुस्तकांची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

गाडीला उशीर होता. मैत्रीण जरा बाजूला आली आणि म्हणाली, "ताई, एक सांगायचं राहिलं. राहिलं नाही, मी मुद्दामच ठेवलं होतं." तिसऱ्या व्हर्जनमध्ये मधेच लाइट जाऊन परत आली, तर रांगेतल्या शेवटच्या सभासदाचं दूध नोंदीतून गळतं. स्लिप हातात पडते, नोंद मात्र नसते. अशा वेळी केंद्रावरची पोरं तिला फोन करायची आणि ती सांगायची, की संकलनाची चालू पाळी बंद करा, पुन्हा उघडा आणि शेवटच्या दुधाची नोंद परत घाला. हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

"मला वाटलं, जाताना तरी कोणी विचारतील, बाई, अजून काही आहे का म्हणून. मग मी सांगितलं असतं. कोणी विचारलंच नाही, ताई. हँडओव्हरची गरज नाही म्हणे."

मी म्हटलं, "मग नको सांगूस. अडू दे त्यांचं. येऊ दे फोन तुला."

ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "त्यांचं नाही अडत. रांगेत शेवटी कोण असते? दूरच्या वस्तीवरची बाई. चालत आलेली. तिचं दूध जाते." मग गाडीचे दिवे दिसले आणि तिने पिशव्या उचलल्या. "लिहून टाका तुम्ही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात गेल्या गेल्या मी ते लिहिलं. दुपारी एका संघाने सकाळी लाइट गेल्याचा फोन केला, म्हणून साहेबांनी असिस्टंटला विचारलं, लाइट गेली तर तिसऱ्या व्हर्जनमध्ये काय काळजी घ्यायची. त्याने सगळं बरोबर सांगितलं: पाळी बंद करा, पुन्हा उघडा, शेवटच्या दुधाची नोंद परत घाला. साहेब खुर्चीतून उठलेच. "कमाल आहे! हे तर आपल्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. ह्याला कुठून कळलं?"

"वाघोलीच्या स्टॉपवर," मी म्हटलं.

त्यांना वाटलं मी विनोद केला, आणि ते मोकळेपणाने हसले.